पाकिटातून निघालेला पत्ता

हातातलं काम चालू राहू द्या, नुसते कान इकडे द्या. आज आपण पोरांच्या एका खेळाबद्दल बोलणार आहोत. बायांच्या कार्यक्रमात पोरांचा खेळ कशाला, असं कुणाला वाटेल. पण त्या खेळाचे पैसे आपल्याच डब्यातून जातात, म्हणून त्याची माहिती आपल्याला असलेली बरी.

दुकानात टांगलेल्या पाकिटांच्या माळा तुम्ही बघताच. त्यातल्या एखाद्यावर लिहिलेलं असतं, 'आत एक पत्ता मोफत'. आत निघतो बोटाएवढा जाड कागदाचा तुकडा. त्यावर एक पिळदार दंडाचा गडी, मूठ उगारलेली, कोपऱ्यात एखादी खूण आणि खाली दोन-चार आकडे. पोरं ते पत्ते रबर लावून खिशात घेऊन फिरतात, शाळेच्या ओट्यावर मांडतात, त्यावरून भांडतात, आणि संध्याकाळी पुन्हा पाच रुपये मागतात. हे पत्ते आले कुठून, त्यांचा खेळ कसा चालतो, आणि पाच रुपयांचं गणित काय आहे, ते आज उलगडून बघू.

या गड्यांचं मूळ घर म्हणजे व्हिडिओ गेम. त्यातल्या मारामारीच्या खेळांना जगभर ज्या एका खेळानं चटक लावली, त्याचं नाव 'स्ट्रीट फायटर टू'. जपानमधल्या ओसाका शहरातल्या कॅपकॉम कंपनीनं तो १९९१ मध्ये काढला. तेव्हा घरोघरी फोन नव्हते. कपाटाएवढं यंत्र, त्यात पडदा, खाली दांडी आणि बटणं. नाणं टाकायचं आणि शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी पडद्यावर लढायचं. तालुक्याच्या गावी किंवा जत्रेत व्हिडिओ गेमचं दुकान असायचं, ते आठवत असेल. तुमचे भाऊ तिथं ज्याला 'मुस्तफा' म्हणायचे, तो खेळही याच कंपनीचा.

स्ट्रीट फायटर टूमध्ये खेळणाऱ्याला निवडता येतील असे आठ लढवय्ये होते. त्यांत सात पुरुष आणि एक बाई. बाईचं नाव चुन-ली. ती चीनची, पोलीस खात्यातली, आणि तिची लाथ इतक्या वेगानं चालते की पाय दिसत नाही, नुसता झपाटा दिसतो. वडिलांच्या खुनाचा छडा लावायला ती मैदानात उतरलेली आहे. आपल्याला विशेष वाटलं ते असं, की ती कुणाची सुटका व्हायची वाट बघत बसलेली नाही. त्या काळच्या बहुतेक खेळांत बाई म्हणजे कुणीतरी पळवून नेलेली राजकन्या असायची.

आठांपैकी एक आपल्याकडचाही आहे. त्याचं नाव धालसिम. तो योगी आहे, गळ्यात कवट्यांची माळ आहे, हातपाय रबरासारखे लांब होतात आणि तोंडातून आग निघते. योगासनं करून पाठीची कळ जाते एवढा अनुभव आपल्याला आहे, आगीचं काही अजून जमलेलं नाही. जपानच्या चित्रकारांनी आपल्या देशाबद्दल काय काय ऐकलं असेल कोण जाणे.

पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, अमेरिकेत 'मॉर्टल कॉम्बॅट' नावाचा दुसरा खेळ आला. त्यात खऱ्या माणसांचे फोटो वापरले होते आणि रक्त फार होतं. त्यावरून तिथं इतका गदारोळ झाला, की डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेच्या संसदेच्या वरच्या सभागृहात सुनावणी झाली आणि १९९४ पासून खेळाच्या खोक्यावर 'हा कुठल्या वयाच्या मुलांसाठी' हे छापायची पद्धत सुरू झाली. आपल्या फोनवर खेळ उतरवून घेण्याआधी ३+, ७+, १२+, १६+, १८+ असे आकडे दिसतात, ते त्याच जातीचे. पोरगं नवा खेळ मागेल तेव्हा तेवढा आकडा बघायला काही शिक्षण लागत नाही.

आता पडद्यावरची ही मारामारी कागदावर कशी आणायची? पडद्यावर सगळा खेळ बोटांच्या चपळाईचा. पत्त्याला ना बटण ना दांडी. पण या खेळांच्या पोटात शिरून बघितलं तर तिथं एक फार जुनी गोष्ट बसलेली आहे. आपली दगड-कागद-कात्री.

लढाईत माणूस ढोबळ मानानं तीन गोष्टी करतो. वार करतो, अडवतो, नाहीतर समोरच्याला पकडून आपटतो. समोरचा वार करणार आणि आपण हात आडवा धरला, तर वार फुकट. म्हणून अडव ही वाराला भारी. पण आपण नुसते हात आडवे धरून उभे राहिलो, तर समोरचा जवळ येऊन कंबरेला मिठी मारतो आणि उचलून टाकतो. म्हणून पकड ही अडवीला भारी. आणि तो हात पसरून पकडायला येत असताना आपण ठोसा हाणला, तर तो मध्येच गार. म्हणून वार हा पकडीला भारी. तिघांत कुणी थोरला नाही, कुणी धाकटा नाही. गावच्या तालमीत कुस्ती बघितलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

असा गोल फिरणारा डाव जपानमध्ये फार पूर्वीपासून हातांच्या खुणांनी खेळतात. त्यांच्या एका जुन्या खेळात कोल्हा, गावचा पाटील आणि शिकारी असे तिघं आहेत. शिकारी कोल्ह्याला मारतो. पाटील शिकाऱ्यापेक्षा मोठा, म्हणून शिकारी त्याच्यापुढं वाकतो. आणि कोल्हा पाटलाला झपाटतो, कारण तिथले कोल्हे माणसाला भुलवतात अशी समजूत. दुसऱ्या एका खेळात साप बेडकाला खातो, बेडूक गोगलगाईला खातो, आणि बिनशंखाची ती गोगलगाय सापाला विरघळवून टाकते म्हणे.

म्हणून जाहिरातीचा पत्ता करणाऱ्याला सोपं जातं. त्याला हवा असतो असा खेळ, जो लहान तुकड्यावर मावेल, ज्याला नियमांचं पुस्तक लागणार नाही, आणि दुसरीतलं पोर दुकानाच्या पायरीवर बसून लगेच खेळेल. जपानची पोरं 'मेन्को' नावाचा खेळ खेळत. जाड कागदाचा पत्ता जमिनीवर ठेवायचा, दुसऱ्यानं आपला पत्ता जोरानं आपटायचा, आणि वाऱ्यानं खालचा पत्ता उलटला तर तो आपला. आपल्याकडं पोरं काडेपेटीचे छाप जमवून खेळायची, त्यातलाच हा प्रकार. मेन्कोच्या कोपऱ्यात दगड, कागद किंवा कात्रीची खूण छापायची जुनी पद्धत होती, म्हणजे आपटून कंटाळा आला की तेच पत्ते दुसऱ्या खेळाला चालत.

दुसरी सोपी रीत म्हणजे मोठा आकडा जिंकतो ती. आपल्याकडं कुस्तीगिरांचे ट्रम्प कार्ड निघायचे, त्यात उंची, वजन, छाती, दंड असे आकडे असायचे. एकानं 'वजन' म्हटलं की दोघांनी वजन बघायचं, ज्याचं जास्त त्याला दोन्ही पत्ते. आमच्या मते हा खेळ जरा आंधळा. ज्याच्या हातात मोठा आकडा आला तो जिंकला, त्यात खेळणाऱ्याची हुशारी थोडी. फार तर पोरांचं पाठांतर होतं. वार-अडव-पकड मध्ये मात्र दोघांचे पत्ते सारखेच असले, तरी समोरच्याच्या मनात काय आहे ते ओळखावं लागतं. डेव्हिड सर्लिन नावाच्या एका अमेरिकन माणसानं स्ट्रीट फायटरच्या एका सुधारलेल्या आवृत्तीवर काम केलं होतं. पुढं २०११ मध्ये त्यानं मारामारीच्या व्हिडिओ गेमवरून पत्त्यांचा एक खेळ काढला, तोही याच तीन गोष्टींवर उभा आहे. त्याचं नाव त्यानं ठेवलं 'योमी'. जपानी भाषेत त्याचा अर्थ वाचणं, इथं समोरच्याचं मन वाचणं. तो खेळ मात्र दुकानात विकत मिळणारा, पाकिटातला नव्हे.

खेळापुरतं ऐकलंत तर यात वाईट काही नाही. उलट पोर फोन सोडून दुसऱ्या पोरासमोर बसतं, डोळ्याला डोळा भिडवतं, हसतं. आमचा रोख खेळावर नाही. तो पत्ता ज्या पाकिटात बसून येतो, त्या पाकिटाकडं बघा असं आम्ही म्हणतो.

जपानमध्ये १९७१ च्या सुमाराला काल्बी नावाच्या कंपनीनं लहान मुलांसाठी वीस येनचा खाऊ आणला. येन म्हणजे त्यांचा रुपया. टीव्हीवर 'कामेन रायडर' नावाचा मुखवटा घातलेला वीर तेव्हा गाजत होता. खाऊबरोबर त्याचा एक पत्ता मिळायचा. नशिबात असेल तर खास पत्ता निघायचा, तो पाठवला की पत्ते लावायची वही बक्षीस. पोरांनी इतकी पाकिटं घेतली, की खाऊ खाऊन संपेना. मग पोरं पत्ता काढून घेत आणि खाऊ तसाच टाकून देत. रस्त्यात, गटारात खाऊ पडलेला दिसू लागला आणि देशभर त्याची चर्चा झाली.

पुन्हा १९८५ पासून तेच झालं. लॉट्टे कंपनीच्या 'बिक्कुरिमान' नावाच्या तीस येनच्या चॉकलेटात देवदूत आणि राक्षसांचे स्टिकर येऊ लागले. काही स्टिकर चकचकीत आणि दुर्मीळ, ते मोठ्या किमतीला विकले जाऊ लागले. पोरांनी स्टिकर ठेवला, चॉकलेट फेकलं. शेवटी १९८८ मध्ये तिथल्या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी आयोगानं कंपनीला समज दिली, की एका स्टिकरची किंमत जास्त आणि दुसऱ्याची कमी वाटेल असा फरक ठेवू नका. त्याच वर्षी बांडाई कंपनीनं तर खाऊसुद्धा मध्ये ठेवला नाही. वीस येन यंत्रात टाका, दांडी फिरवा, पत्ता बाहेर. स्ट्रीट फायटरच्या गड्यांचेही पत्ते त्या यंत्रांतून निघाले.

आता आपलं गणित. पाटी-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

समजा एका पाकिटावर लिहिलंय, 'वीस वीरांचे पत्ते जमवा'. पाकीट पाच रुपयांचं, प्रत्येकात एक पत्ता, आणि कंपनीनं प्रामाणिकपणे सगळे पत्ते सारख्या संख्येनं छापलेत असं धरू. मग वीस पत्त्यांना किती पाकिटं लागतील? पटकन उत्तर येतं, वीस. थोडा विचार केला तर कुणी म्हणेल तीस, पस्तीस. हिशेब सांगतो सरासरी ७२.

असं का होतं बघा. पहिल्या पाकिटात जो निघेल तो नवाच. दुसऱ्यातही बहुतेक नवा. पण दहा पत्ते जमले की पुढचा पत्ता नवा निघायची शक्यता निम्म्यावर येते, म्हणजे एका नव्या पत्त्याला सरासरी दोन पाकिटं. पंधरा जमले की चारात एक. आणि एकोणीस जमले, एकच राहिला, की विसांत एक. त्या एका पत्त्यासाठी सरासरी वीस पाकिटं. सगळी बेरीज केली तर पहिले पंधरा पत्ते साधारण २६ पाकिटांत मिळतात आणि उरलेले पाच मिळवायला ४६ पाकिटं लागतात. पोरगं शेवटी शेवटी हट्टाला का पेटतं ते यातून कळेल. 'आता पाचच राहिलेत आई' हे ते खरंच सांगतं, पण खर्चाचा मोठा भाग त्या पाचांतच बसलेला असतो.

७२ पाकिटं म्हणजे ३६० रुपये. गटात आठवड्याला पन्नास रुपये भरणाऱ्या बाईची ही सात आठवड्यांची बचत झाली. आणि ही सरासरी आहे. एखाद्याचं पन्नासात भागेल, एखादा शंभरावर जाईल. कंपनीनं एक पत्ता मुद्दाम कमी छापला, शंभर पाकिटांत एकच, तर त्या एका पत्त्याचेच सरासरी पाचशे रुपये होतात.

पाकिटातला खाऊ तर मिळाला ना, असं दुकानदार म्हणेल. मग पाकीट उलटं करा. आतल्या मालाचं निव्वळ वजन छापणं कायद्यानं सक्तीचं आहे. समजा ते दहा ग्रॅम निघालं. पाच रुपयांना दहा ग्रॅम म्हणजे किलोला पाचशे रुपये. गावातल्या बाजारात शेंगदाणे काय भावानं आहेत ते तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.

यावर तोड नाही असं नाही. पोरांना 'डबल' निघालेले पत्ते अदलाबदल करू द्या. अदलाबदलीत कुणाचंच नुकसान नसतं, कारण दोघं नको असलेलं देतात आणि हवं ते घेतात. चार मैत्रिणींनी मिळून एकच संच करायचा ठरवलं, तर त्याच ७२ पाकिटांचे प्रत्येकीला अठरा, म्हणजे ९० रुपये. गटाचं तत्त्व आपल्याला माहीत आहेच, ते पोरींना पत्त्यांतून शिकवायला हरकत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पोराला हे विचारा, की खेळायला किती पत्ते लागतात? वार, अडव, पकड. तीन! वीस पत्ते लागतात ते संच पुरा करायला, खेळायला नव्हे.

पैजेवर खेळणं मात्र वेगळं. हरला की पत्ता गेला, असा नियम पोरं स्वतःच करतात. एक-दोन पत्त्यांवर चाललं तर कुणी अडवत नाही, पण मोठ्या पोरांनी लहानग्यांचे पत्ते लुटायचा तो धंदा होतो, आणि हरलेलं पोर ते भरून काढायला पुन्हा दुकानात जातं. 'खेळ झाला की ज्याचे पत्ते त्याला परत' एवढा एक नियम घरात ठेवलेला बरा.

आता कायद्याचं थोडं. जपानमध्ये वेगवेगळी चित्रं जमवून संच पुरा केला की बक्षीस, अशी योजना करायला मनाई आहे. मुलांना शेवटच्या चित्राची किंमत कळत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. पुढं फोनवरचे खेळ आले, त्यात पैसे देऊन न दिसणारे पत्ते उघडायचे आणि संच पुरा झाला की मोठं बक्षीस, असा तोच डाव सुरू झाला. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक खात्यानं सांगितलं, की हेसुद्धा त्या मनाईत बसतं, आणि कंपन्यांनी ते बंद केलं. तेव्हा पोर कागदाचे पत्ते सोडून फोनकडं वळलं म्हणून आपण सुटलो असं समजू नका. फोनमधल्या खेळात 'पेटी उघडा' असं येतं तिथं हेच गणित लपलेलं असतं, फक्त रिकामी पाकिटं घरात साठत नाहीत म्हणून ते दिसत नाही.

आपल्याकडं २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. एखादी गोष्ट फुकट देतो असं भासवायचं आणि तिचे पैसे पूर्ण किंवा थोडे वस्तूच्या किमतीतच घ्यायचे, ही त्या कायद्याप्रमाणं अनुचित व्यापारी प्रथा आहे. बक्षीस जाहीर करून न देणं हीसुद्धा. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जून २०२२ मध्ये जाहिरातींसाठी नियम काढले. भेटवस्तूचं आमिष दाखवून मुलांना गरज नसलेली वस्तू घ्यायला लावणाऱ्या जाहिरातींना आळा घालावा, असं त्यात म्हटलं आहे. चिप्स, थंड पेयं अशा खाण्यापिण्याच्या जाहिराती मुलांच्या कार्यक्रमात दाखवू नयेत, हेही आहे.

तक्रार करायची तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५. फोनला पैसे पडत नाहीत. मात्र फोन करण्याआधी रिकामं पाकीट टाकू नका. त्यावर कंपनीचं नाव-पत्ता, बॅच नंबर, तारीख आणि योजनेची मुदत असते, तेच विचारतात. 'मोफत पत्ता' लिहिलेलं आणि आत पत्ता नाही, किंवा संच पाठवला आणि बक्षीस आलं नाही, अशी नेमकी गोष्ट सांगितली तर काम होतं. 'या कंपन्या पोरांना बिघडवतात' असं नुसतं सांगून काही होत नाही, मनात राग कितीही असो.

एका गटातल्या ताईंनी आम्हाला विचारलं, की आमची शेंगदाणा चिक्की शाळेजवळच्या दुकानात पडून राहते, शेजारचं पत्तेवालं पाकीट विकलं जातं, मग आम्हीही पत्ता घालू का? आमचं मत असं, की घाला, पण नशिबाचा खेळ करू नका. प्रत्येक पाकिटासोबत तिन्ही खुणा असलेली एकच पट्टी द्या, ती कापली की खेळ तयार. दुसऱ्या पाकिटाची वाट बघायला नको, आणि आयांचा विश्वास बसला तर त्याच चिक्की नेतील. पट्टी खाण्याला चिकटू देऊ नका, छपाईची शाई पोटात जाते. ती बाहेरून लावा किंवा वेगळ्या पुडीत ठेवा. आणि चुन-ली, धालसिम किंवा टीव्हीवरचं दुसरं कुठलं पात्र छापू नका. ती चित्रं ज्याची त्याच्या मालकीची असतात, नसतं झेंगट मागं लागेल.

पात्रं आपली आपण करता येतात. खेळ घरी कसा करायचा तेही सांगतो, लिहून घ्या.

प्रत्येक खेळणाऱ्याला तीन पत्ते. एकावर मूठ काढा, तो वार. दुसऱ्यावर ढाल, ती अडव. तिसऱ्यावर दोन पसरलेले हात, ती पकड. दोघांना प्रत्येकी सहा चिंचोके, तो त्यांचा जीव. दोघांनी एक-एक पत्ता पालथा ठेवायचा आणि एकदम उलटायचा. वारानं पकडीला गाठलं तर हरणाऱ्याचे दोन चिंचोके गेले. अडवीनं वार झेलला तर एक गेला. पकडीनं अडवीला उचललं तर एक गेला. दोघांचे सारखे निघाले तर कुणाचं काही जात नाही. पत्ते परत हातात घ्यायचे आणि पुढचा डाव. चिंचोके संपले की हार.

यात एक गंमत आहे. वाराला दोन चिंचोके ठेवलेत म्हणून पोरं सुरुवातीला सारखा वारच टाकतात. समोरचं पोर दोन-तीन डावांत शहाणं होतं आणि ढाल धरून बसतं. मग वारवाल्याचे चिंचोके एक-एक करत जातात. पुरता मुरलेला खेळाडू चार डावांत सरासरी दोनदा अडव, एकदा वार आणि एकदा पकड टाकतो, कुठला कधी ते कळू न देता. त्याच्याशी सतत वारच करत बसलात तर काय होतं मोजून बघा. चारांत एकदा त्याची पकड सापडते, दोन मिळतात. दोनदा ढाल लागते, दोन जातात. एकदा बरोबरी. हाती शून्य. म्हणजे वार जितका जबर, तितकी जाणत्या खेळाडूची ढाल जास्त वेळा पुढं येते. आम्हाला आधी हे उलटं वाटलं होतं, पण चिंचोके मांडून मोजलं तर पटतं.

पोरांना हे जमलं की पात्रं आणा. पहिलवान असेल त्याची पकड दोन चिंचोक्यांची, पण वार एकाचाच. व्हिडिओ गेममधले गडी असेच एकमेकांपासून वेगळे केलेले असतात. स्ट्रीट फायटरमधला झांगीफ हा रशियाचा कुस्तीगीर, त्याची सगळी भिस्त पकडीवर. कुणी आपली पात्रं ऊस तोडणारी, विहीर खणणारी, बैलगाडा हाकणारी काढली तर उत्तमच. मुलीला तिचं स्वतःचं चित्र काढू द्या. पात्राची खूण त्याच्या पत्त्यावरच लिहून ठेवा, नाहीतर ऐन डावात भांडण होतं.

पत्ते कापायला लग्नपत्रिकेचा जाड कागद चांगला. फक्त सगळ्या पत्त्यांची मागची बाजू अगदी सारखी पाहिजे. एकावर गणपती आणि दुसऱ्यावर सोनेरी वेल असली, तर पालथा पत्ता कुठला ते पोरं लगेच ओळखतात आणि खेळ तिथंच संपतो. म्हणून एकाच लग्नाच्या चार-पाच पत्रिका लागतील. गावातल्या एखादीकडं उरलेल्या असतीलच, मागून घ्या.